शिवणखोलीत अननस का?

"काकी, तुम्ही इतकी वर्षं संगणकावर ते वस्तू शोधायचे रहस्याचे खेळ खेळता. मी एक विकत घेतला आणि दोन दिवसांत कंटाळले. सगळे सारखेच असतात का? चांगला कसा ओळखायचा? अडलं की हिंट घेतली तर ती लबाडी झाली का? आणि आईलाही खेळायचंय, पण तिचं इंग्रजी बेताचं आहे. तिला कुठला देऊ?" परवा काउंटरपाशी उभी राहून तू हे सगळं एका दमात विचारलंस. मागे रांग होती, म्हणून "सांगते नंतर" म्हणाले. आता निवांत लिहायला बसले आहे.

मी २००७ पासून खेळतेय. गोव्यात, फोंड्यातली आमची फार्मसी दुपारी एकला बंद होते ती चारला उघडते. जेवणं आटोपून घरातली सगळी आडवी झाली की त्या तीन तासांतला एक तास माझा. प्रत्येक खेळाची नोंद मी वहीत ठेवते. नाव, किती दिवस लागले, कुठे अडले, आणि शेवटी एक ओळ: पुन्हा खेळावासा वाटेल की नाही. सध्या तिसरी वही चालू आहे. 'पुन्हा खेळेन' असा शेरा मिळालेले खेळ फार थोडे आहेत.

समज, खेळात एका जुन्या वाड्यातली शिवणखोली आहे. मालकीण एका रात्रीत नाहीशी झाली आहे. तू खोलीत शिरतेस आणि खाली यादी येते: कात्री, बटण, अननस, हॉकीची काठी, आयफेल टॉवर, बेडूक, आणखी अशाच सहा. तू शोधू लागतेस. अननस पडद्याच्या नक्षीत मिसळलेला, बेडूक हिरव्या उशीवर. बाराही मिळाल्या की कात्री तुझ्या पिशवीत पडते आणि बाकीच्या अकरा हवेत विरून जातात. अननस तिथे का होता हे खेळ कधीच सांगत नाही, कारण बनवणाऱ्यालाही ते ठाऊक नसतं. असे तीन प्रसंग झाले की डोळे काम करत राहतात आणि मन उठून जातं. तू कंटाळलीस ती बहुतेक इथेच.

आता तीच खोली दुसऱ्या कुणी रचली आहे असं धर. यादीत कात्री आहे, मोजपट्टी आहे, अर्धा विणलेला मोजा आहे, लहान मुलाचा एक बूट, आगगाडीचं तिकीट आणि पालथी ठेवलेली तसबीर. कात्री यंत्रावर उघडीच पडली आहे. कापडाच्या गठ्ठ्याखालून तिकिटाचं टोक दिसतंय. बूट एकच आणि तोही दाराशी. कुणी एक शब्द बोललेलं नसतं, पण यादी संपेपर्यंत तुला कळून चुकतं की बाई घाईत गेली, सोबत मूल होतं, आणि तिकीट लपवलं होतं म्हणजे जायचं आधीपासून ठरलं होतं. इथे शोधता शोधताच गोष्ट उलगडत गेली. माझी सगळी पारख एवढ्याच प्रश्नावर आहे: ही वस्तू इथे का आहे? पहिल्या दोन खोल्यांत त्याचं उत्तर मिळालं तर खेळ घ्यावा, नाही मिळालं तर तिथेच सोडावा.

गर्दी असली म्हणजे खोली वाईट, असं मात्र समजू नकोस. चवथीला आपल्याकडे गणपतीवर माटोळी, म्हणजे फळा-फुलांचं छत, बांधतात, तिच्याइतकी गच्च जागा कुठल्या खेळात नसेल. नारळाची पेंड, सुपारीचा घड, चिबूड, तोरिंग, आंबाडे, कांगलां, घागऱ्यो, माट्टीची फळं, आणि हे सगळं हिरव्यावर हिरवं. माझी आजी आम्हा पोरांना माटोळीखाली बसवायची आणि एकेक नाव घेऊन "दाखव" म्हणायची. कांगलां पटकन सापडायची, लाल फुटलेली असतात म्हणून. घागऱ्या शोधताना मान दुखायची. पण माटोळीत कारणाशिवाय काहीच नसतं. प्रत्येक फळ त्या दिवसांत रानात किंवा कुळागरात पिकलेलं, कुणीतरी ओळखून आणलेलं. त्यामुळे कितीही गर्दी असली तरी डोळा तिथे रमतो. खेळात हेच हवं.

हे अननस खेळांत शिरले कसे, तेही थोडक्यात सांगते, म्हणजे 'सगळे सारखेच का' याचा उलगडा होईल. हा प्रकार गाजवला तो सिएटलच्या बिग फिश गेम्सने. २००५ साली त्यांनी 'मिस्ट्री केस फाइल्स: हंट्सव्हिल' काढला. त्यात याद्या आणि धावतं घड्याळ हाच मुख्य मामला होता. डोळ्यांची शर्यत म्हणून अननस तिथे खपून गेला. २००६ च्या 'रेव्हनहर्स्ट'मध्ये एमा नावाच्या बाईच्या डायरीची फाटकी पानं जुळवत जायची होती, आणि पुढच्या पानासाठी जीव कासावीस व्हायचा. मग २००८ मध्ये 'रिटर्न टू रेव्हनहर्स्ट' आला. त्यात वाड्यात स्वतः हिंडायचं, एका खोलीत सापडलेली वस्तू पिशवीत ठेवून दुसऱ्या खोलीत वापरायची. आज जो साचा तुला दिसतो तो तिथून पक्का झाला. यादीतली शोधाशोध आणि साहसी खेळातली भटकंती एकत्र आली, पण जुनी अननसाची सवय तशीच मागे लागून आली.

आणि मग पूर आला. 'रोज एक नवा खेळ' ही त्या कंपनीची घोषणाच होती. रोज एक द्यायचा तर बनवणारे हात खूप लागतात. युक्रेनमधला ईआरएस, सर्बियातल्या नोवी सादचा आयपिक्स, पोलंडमधल्या झाब्झेचा आर्टिफेक्स मुंडी अशा कितीतरी स्टुडिओंनी हे खेळ रचले. घाईत रचलं की मळलेली वाट धरली जाते. सुरुवातीला गाडी रस्त्यावरून घसरणार, पूल तुटलेला असणार, कुणाची तरी मुलगी पळवली जाणार. दाराचं चिन्ह दोन तुकड्यांत असणार आणि दातेरी चाक हमखास कावळ्याच्या चोचीत. मला ह्या ठरीवपणाचा राग नाही. दहिकाल्याच्या रात्री दशावतारी नाटकात संकासूर राक्षस येणार हे पेडण्यातल्या लहान पोरालाही ठाऊक असतं, तरी माणसं पहाटेपर्यंत जागतात, कारण ह्या वेळचा संकासूर कोण आणि तो कसा नाचतो हे बघायचं असतं. साचा एकच असला तरी त्यात जीव ओतणारे वेगळे, हे तीन-चार खेळ खेळलीस की तुलाही दिसेल.

ज्यांनी जीव ओतला त्यांची नावं देते. आर्टिफेक्स मुंडीचा 'एनिग्मॅटिस: द घोस्ट्स ऑफ मेपल क्रीक' २०११ चा. वादळानंतर शुद्धीवर आलेली, आठवण हरवलेली गुप्तहेर म्हणजे तू. सापडलेले पुरावे भिंतीवर लावायचे आणि कुठला कशाशी जुळतो ते आपणच ठरवायचं. बहुतेक खेळांत गुप्तहेर नुसती कुलपं उघडत फिरते, इथे तिला विचार करावा लागतो. त्यांचाच 'नाइटमेअर्स फ्रॉम द डीप: द कर्स्ड हार्ट' २०१२ चा. संग्रहालयात काम करणाऱ्या बाईची मुलगी एक मेलेला समुद्री चाचा पळवून नेतो आणि आई जहाजांवरून त्याच्या मागे जाते. दोरखंड, नांगर, जुने नकाशे ह्या वस्तू तिथल्याच असतात, म्हणून त्यांचा शोधही खरा वाटतो. ब्लू टी गेम्सचा 'डार्क पॅरबल्स: कर्स ऑफ ब्रायर रोझ' २०१० चा, परीकथेवरचा. त्याच्याबद्दल तुझ्या आईच्या निमित्ताने शेवटी सांगते. 'मिस्ट्री केस फाइल्स'मधला २००९ चा 'डायर ग्रोव्ह' बर्फातल्या गावातला आहे. तिथे हरवलेल्या विद्यार्थ्यांनी मागे ठेवलेल्या चित्रफिती सापडत जातात आणि त्यांत खरे नट काम करतात. रात्री एकटीने खेळू नकोस. मी खेळले होते, आणि मग माजघरातला दिवा लावूनच झोपले.

आणखी एक सांगते. हे खेळ युरोपातल्या वाड्यांत, चर्चच्या तळघरांत, घंटाघरांत घडतात, म्हणून पुण्या-नाशकातल्या माझ्या मावसबहिणींना ते दूरचे वाटतात. आपल्याला तसं वाटायचं कारण नाही. चांदर, लोटलीची जुनी पोर्तुगीज वळणाची घरं आपण बघितली आहेत, शिंपल्यांच्या तावदानांतून येणारा तो दुधाळ उजेड ओळखीचा आहे. पणजीला मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात निळ्या अझुलेजू फरश्यांची भिंतचित्रं आहेत. त्यांच्यासमोर उभी राहिले की मी नकळत चौकोन मोजायला लागते. अशा घरात काय असतं आणि काय नसतं हे ठाऊक असल्यामुळे चुकीची वस्तू आपल्याला लगेच खटकते. खेळाची पारख करायला ह्याचा फार उपयोग होतो.

आता प्रत्यक्ष शोधायचं कसं. हात लांब कर, अंगठा उभा धर आणि नखाकडे बघ. आपला डोळा एका वेळी साधारण त्या नखाएवढाच भाग अगदी स्पष्ट बघतो. बाकीचं सगळं अंदाजे. म्हणून संगणकाच्या पडद्याच्या मध्यावर नजर लावून 'दिसेल कधीतरी' म्हणत बसलं तर दिसत नाही. नजर हलवावी लागते, आणि तीही शिस्तीत. मी चित्राचे मनाशी सहा भाग करते आणि डावीकडून उजवीकडे, वरून खाली जाते. कपाटातून औषध काढताना मी हेच करते. पांढऱ्या खोक्यांत एकच लाल खोकं असेल तर ते आपणहून डोळ्यांत भरतं. पण लाल रंगाची आणि शिवाय निळ्या काठाची पट्टी, तीही लाल आणि निळ्या पट्ट्यांच्या ढिगात, एकेक उचलूनच बघावी लागते. ॲन ट्रीझमन ह्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८० मध्ये नेमका हाच फरक मांडला: एकाच खुणेची वस्तू गर्दीतून उसळून वर येते, दोन खुणा मिळून ओळखायची वस्तू एकामागून एक तपासावी लागते. म्हणून यादी वाचल्यावर आधी एका खुणेच्या वस्तू उरकून घे. लाल सफरचंद, पिवळा कंदील. त्यांनी गर्दी कमी होते आणि अवघड वस्तूंना जागा मोकळी मिळते.

बनवणाऱ्यांच्याही सवयी असतात आणि त्या एकदा कळल्या की निम्मं काम होतं. साप नेहमी दोरावर, फांदीवर किंवा चौकटीच्या कोरीव कामात. पीस पडद्याच्या चुणीत. मेणबत्ती खांबांच्या रांगेत. फुलपाखरू भिंतीच्या कागदावर. सातचा आकडा भिंतीच्या भेगेत. पाल बाहेरच्या दगडी भिंतीवर. बाण हवा असेल तर झाडाचं खोड बघ. छत्री मिटलेली असू शकते, खेळायचा पत्ता पालथा असू शकतो, आणि 'घोडा' म्हणजे तसबिरीतला घोडाही असू शकतो. नावापेक्षा आकार मनात धरून शोध. कात्री शोधताना मी दोन कड्या शोधते, पाती नव्हे. पाती कशाच्याही मागे जातात, कड्या जात नाहीत.

लपवण्यातही प्रामाणिकपणा असतो. पांढरा काटा पांढऱ्या लेसवर ठेवला तर ते कसब. तोच काटा नखभर केला, काळोखात टाकला आणि त्याचं टोक चौकटीबाहेर ठेवलं, तर ती फसवणूक. सापडल्यावर "अरे, समोरच होता की" असं तोंडातून निघालं पाहिजे. "हा कसा दिसणार होता?" असं निघालं तर वहीत मी त्या खेळापुढे फुली मारते. आणि वैतागून सगळीकडे टिचक्या मारत सुटू नकोस. बऱ्याच खेळांत चुकीच्या टिचक्या जास्त झाल्या की माउसचा बाण थोडा वेळ गरगरतो किंवा थिजतो, आणि आपली लय जाते.

इंग्रजीचा प्रश्न तुझ्या आईचाच नाही, माझाही होता. याद्या अमेरिकी इंग्रजीत असतात. आपण ज्याला पाना किंवा स्पॅनर म्हणतो तो तिथे 'रेंच', टॉर्च म्हणजे 'फ्लॅशलाइट', वांगं म्हणजे 'एगप्लांट'. 'एकॉर्न' हे ओक झाडाचं टोपीवालं फळ असतं हे मला खेळातच कळलं. 'थिंबल' म्हणजे शिंप्याच्या बोटातला अंगुस्ताना. त्याहून मोठा घोळ दोन अर्थांच्या शब्दांचा. 'बो' म्हणजे केसांची फीत, धनुष्य आणि व्हायोलिनचा गजसुद्धा. 'बॅट' बहुधा वटवाघूळ निघतं. 'नेल' खिळाही असतो आणि नखही. 'क्रेन' हा पक्षी आहे, 'सील' हा समुद्री प्राणी आहे किंवा लाखेची मोहोर, 'स्पेड' फावडं आहे किंवा पत्त्यातली इस्पिक, 'क्लब' दंडुका आहे किंवा किलवर. 'पिचर' शोधताना मी एकदा पंधरा मिनिटं बेसबॉलचा खेळाडू शोधत होते, आणि तो पाण्याचा जग खिडकीत निवांत बसला होता. शिवाय पुष्कळ खेळ मुळात दुसऱ्या भाषेत लिहून मग इंग्रजीत आणलेले असतात, त्यामुळे यादीतलं नाव आणि चित्रातली वस्तू ह्यांचं जुळतच नाही असंही होतं. तिथे चूक तुझी नसते. मी वहीच्या मागच्या पानांवर हे शब्द लिहून ठेवले आहेत, आठ पानं भरली आहेत. आईसाठी त्यांचे फोटो काढून ने.

आता हिंट. तिला लबाडी म्हणायचं कारण नाही, ती खेळाचाच भाग आहे. बनवणाऱ्यांनी ते बटण मुद्दाम ठेवलं आहे आणि ते पुन्हा भरायला वेळ लागतो, म्हणजे त्याचा हिशेबही त्यांनी केला आहे. पण यादीतली हिंट आणि भटकंतीतली हिंट ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यादीत एखादा शब्दच कळत नसेल तर लगेच घे, त्यात शोधण्यासारखं काही उरत नाही. शब्द कळतोय पण वस्तू दिसत नाही, तर तीन मिनिटं थांब, डोळे मिटून घे, मग नव्याने बघ. पुढे कुठे जायचं कळत नसेल तर आधी नकाशा उघड. बहुतेक नव्या खेळांत जिथे काम शिल्लक आहे ती जागा नकाशावर खुणेने दिसते.

आणि गोष्टीशी बांधलेल्या कोड्याची हिंट शक्यतो घेऊ नकोस. का ते सांगते. एका खेळात तिजोरीवर चार पक्ष्यांची तबकडी होती. क्रम लावायचा, पण क्रम कुठेच दिला नव्हता. मी चार दिवस अडले होते. दुकानात गोळ्या मोजताना ते पक्षी डोळ्यांपुढे यायचे. पाचव्या दुपारी मी पहिल्या खोलीत परत गेले आणि जेवणाच्या टेबलावरचं कापड बघितलं. कडेच्या भरतकामात तेच चार पक्षी, एकामागून एक, चोचीत शेपूट धरून चाललेले. त्या कापडावरून मी पहिल्याच दिवशी चमचा उचलला होता. चमचा बघितला, कापड बघितलंच नव्हतं. घरात सगळी झोपली होती म्हणून ओरडले नाही, पण खुर्चीतून उठून दोन फेऱ्या मारल्या. पहिल्या दिवशीच हिंट घेतली असती तर हे हातचं गेलं असतं. तेव्हापासून खोलीत शिरले की वस्तूंना हात लावण्याआधी भिंती, पडदे, टेबलावरची कापडं बघून घेते.

गोष्टीशी संबंध नसलेली, निव्वळ यांत्रिक कोडी असतात ती मात्र खुशाल 'स्किप' करावीत. नाहीतर त्यांची युक्ती एकदा शिकून घ्यावी, कारण तीच चार-पाच कोडी कपडे बदलून सगळीकडे येतात. तीन खुंट्या आणि चढत्या आकाराच्या चकत्या दिसल्या तर तो हनोईचा मनोरा. तीन चकत्यांना किमान ७ चाली, चारांना १५, पाचांना ३१. सर्वांत लहान चकती एक सोडून एक चालीत हलवायची आणि नेहमी एकाच दिशेने फिरवायची. मधल्या चालीत तिला सोडून एकच शक्य हालचाल उरते, ती करायची. चकत्या विषम असतील तर पहिली चाल थेट मुक्कामाच्या खुंटीवर, सम असतील तर मधल्या रिकाम्या खुंटीवर. एवढं ध्यानात ठेवलंस की विचारही करावा लागत नाही.

एक दाबला की शेजारचे दिवे पेटतात-विझतात असं कोडं आलं तर लक्षात ठेव की दाबण्याच्या क्रमाला काही अर्थ नाही आणि एकच दिवा दोनदा दाबणं म्हणजे न दाबणं. वरच्या ओळीतले पेटलेले दिवे त्यांच्या खालचे दाबून विझवत खाली ये. समोरासमोरच्या बेडकांची अदलाबदल असेल, तीन इकडचे आणि तीन तिकडचे, तर बरोबर १५ उड्या लागतात. मध्ये एकाच रंगाचे दोन बेडूक शेजारी आणलेस की कोंडी झालीच म्हणून समज.

चौकोन सरकवून चित्र जुळवायचं कोडं सगळ्यांना छळतं. वरची ओळ पुरी कर, मग डावा रकाना, आणि जुळलेल्याला पुन्हा हात लावू नकोस. कधीकधी सगळं जुळतं आणि शेवटचे दोनच चौकोन उलटे राहतात. फक्त त्या दोघांची अदलाबदल गणितानेच अशक्य आहे, कितीही सरकव. अशा वेळी चित्रात दुसरीकडे बघ. आकाशाचे किंवा भिंतीचे एकसारखे दिसणारे दोन चौकोन एकमेकांच्या जागी बसलेले असतात. ते बदललेस की हेही सुटतात. हे कळायला मला दोन वर्षं लागली.

विकत घेताना घाई करू नकोस. बिग फिशवर खेळ पहिला एक तास फुकट खेळून बघता येतो, आणि त्या एका तासात शिवणखोलीची परीक्षा होते. आर्टिफेक्स मुंडीचे खेळ स्टीम ह्या खेळ विकणाऱ्या संकेतस्थळावर मिळतात आणि तिथे वरचेवर सवलत लागते. महागड्या 'कलेक्टर्स एडिशन'मध्ये जादा प्रकरण, चित्रं, संगीत असतं. माझ्या मते साधी आवृत्ती पुरते. मूळ गोष्ट अर्धवट सोडून खरा शेवट जादा प्रकरणात ठेवणारे खेळ मला मुळीच आवडत नाहीत. कादंबरीचं शेवटचं पान वेगळ्या पैशाने विकल्यासारखं ते वाटतं.

मोबाईलवर फुकट मिळणारे खेळ बहुतेक वेगळ्याच हिशेबाने रचलेले असतात. तीच खोली दहा वेळा शोधायची, मग 'ऊर्जा' संपते, मग थांबा किंवा पैसे भरा. पहिल्यांदा तुम्ही शोधता, दहाव्यांदा नुसतं पाठ म्हणता. त्यांची चित्रं सुंदर असतात हे कबूल, पण गोष्ट शेवटाला जाऊच नये अशीच तिथली व्यवस्था असते. ज्या रहस्याला शेवट नाही त्यात माझं मन लागत नाही.

जुना खेळ घेशील तर तुझ्या यंत्रावर चालतो का ते आधी बघ. मॅकवर २०१९ च्या कॅटलिना ह्या आवृत्तीपासून ३२ बिटचे, म्हणजे जुन्या पद्धतीचे, प्रोग्राम बंद झाले आणि त्याबरोबर कितीतरी जुने खेळ गेले. ब्राउझरमध्ये फ्लॅशवर चालणारे २०२० च्या अखेरीस गेले. माझे तर अकरा खेळ एका लहान विक्रेत्याचं संकेतस्थळ बंद पडल्यामुळे गेले, पैसे भरलेले होते तरी. म्हणून आता जे पूर्ण उतरवून इंटरनेटशिवाय खेळता येतात तेच घेते. पावसाळ्यात वीज आणि नेट दोन्ही जातात तेव्हा लॅपटॉपची बॅटरी असेपर्यंत तेच सोबत करतात.

आता आई. तिला शब्दांच्या यादीने सुरुवात करून देऊ नकोस. 'डार्क पॅरबल्स: कर्स ऑफ ब्रायर रोझ' दे. त्यातल्या शोधाशोधीत शब्दांऐवजी वस्तूंचे तुकडे असतात. तुटलेल्या वस्तूचे भाग चित्रात विखुरलेले, ते जमवले की वस्तू आपल्यासमोर जुळते आणि तीच पुढे दार उघडायला लागते. म्हणजे इंग्रजीची अडचण निम्मी होते आणि 'ही वस्तू इथे का' ह्याचं उत्तरही मिळतं. गोष्ट झोपलेल्या राजकन्येची आहे, ती तिला दोन वाक्यांत सांगून ठेव. ते जड वाटलं तर २०१७ चा 'हिडन फोक्स' आहे. काळ्या-पांढऱ्या रेषांत काढलेली मोठी गर्दीची चित्रं, शोधायच्या माणसांची चित्रंच खाली दिलेली, आणि दार उघडलं, झुडूप हलवलं की येणारे सगळे आवाज माणसाने तोंडाने काढलेले. त्यात रहस्य नाही, पण बोटं आणि डोळे तयार होतात.

तुझ्यासाठी 'मेपल क्रीक'. सर्वांत सोपी पातळी निवडू नकोस, तिथे शोधायच्या जागा चमचम करत स्वतःच हाक मारतात. सर्वांत कठीणही नको. मधली घे.

आईला म्हणावं, वीस मिनिटं झाली की वीस सेकंद खिडकीबाहेर लांबवर बघायचं, पोफळींच्या शेंड्यांकडे. मला चष्म्याच्या डॉक्टरांनी हेच सांगितलं आहे आणि मी ते पाळते. तिला ह्या आठवड्यात कुठल्याही दिवशी दुपारी दीडच्या सुमारास दुकानाच्या मागच्या दाराने घेऊन ये. जवळचं दिसायचा चष्मा विसरू देऊ नकोस. पहिली खोली आम्ही दोघी मिळून शोधू, वही मी काढून ठेवते.